लिग्नोकेन आणि क्युरारे एकाच जागेवर बसतात काय?

मज्जातंतू: काल येथे एका फार्मसी शिक्षकांनी लिहिले की, बधिर करणारे लिग्नोकेन, स्नायू ढिले करणाऱ्या क्युरारे या बाणविषाप्रमाणेच, निकोटिनिक ग्राहकावर (स्नायूवरील, मज्जातंतूकडून येणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रासायनिक निरोपाने उघडणाऱ्या वाहिनीवर) ॲसिटिलकोलीनची जागा बळकावते आणि ॲसिटिलकोलीन वाढवले की अडथळा सुटतो. हे वाचून राहवले नाही. क्युरारेबाबत ते खरे आहे. लिग्नोकेनच्या जातीची औषधे मात्र मुख्यतः ग्राहकाच्या पाच उपघटकांच्या मधल्या छिद्रात शिरतात, आणि ते छिद्र उघडते ॲसिटिलकोलीनमुळेच. नेहर आणि स्टाइनबाख यांनी 1978 साली बेडकाच्या स्नायूवर एकेका वाहिनीचा प्रवाह मोजला, तेव्हा लिग्नोकेनचे कायम विद्युतभारित भावंड असलेले क्यूएक्स-222 घालताच एरवी सलग दिसणारी प्रवाहाची पायरी तुटक तुटक झाली. रेणू अडकला की प्रवाह बंद, निसटला की पुन्हा पूर्ण. पेशीची आतली बाजू जितकी अधिक ऋण, तितका अडथळा अधिक, कारण धनभारित रेणू आत ओढला जातो. अशा वेळी ॲसिटिलकोलीन वाढवले, तर औषधाला शिरायला अधिक छिद्रे उघडी मिळतात.

फार्मसी शिक्षक: ते वाक्य माझेच आहे. साठ मुलांच्या वर्गात एका तासात हा धडा संपवावा लागतो, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. शिवाय आपणही अर्धेच सांगता. टेट्राकेन हे बधिर करणारे दुसरे औषध बंद वाहिनीलाही चिकटते, आणि काही औषधे ग्राहकाला असंवेदी, म्हणजे निरोप मिळूनही न उघडणाऱ्या, अवस्थेत ढकलतात. आणि हिरडी बधिर होते ती मज्जातंतूतून संवेदना वाहून नेणाऱ्या सोडियम वाहिन्या अडल्यामुळे. तिथे निकोटिनिक ग्राहकाचा संबंध येतोच कुठे?

दाढदुखी: माझ्या दाढेत पू झाला असताना तीन इंजेक्शने देऊनही कळ जिरेना, आणि दंतवैद्य मलाच भित्रा म्हणाले. तुमच्या वाहिन्यांमध्ये याचे उत्तर आहे काय?

मज्जातंतू: आहे, आणि आपण भित्रे नव्हता. सोडियम वाहिनी अडवायला औषधाला आधी विद्युतभार टाकून मज्जातंतूच्या आत जावे लागते. निरोगी ऊतीत लिग्नोकेनचा साधारण चौथा हिस्सा भाररहित असतो. सुजलेली जागा आम्लधर्मी असल्यामुळे तो आणखी घटतो. शिक्षकांनाही यातच उत्तर आहे: क्यूएक्स-314 हे तसेच कायम भारित भावंड बाहेरून घातले तर मज्जातंतू बधिर होत नाही, पण निकोटिनिक ग्राहकाचे छिद्र ते बाहेरूनच अडवते. दोन वाहिन्या, दोन वाटा. एकीच्या वाटेवरून दुसरी शिकवणे ही चूकच आहे.

भूलतज्ज्ञ: "संबंध कुठे" असे लिहिणाऱ्यांनी मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायूंवरचे हे ग्राहक घटून अशक्तपणा येणाऱ्या आजाराचा, रुग्ण पाहावा. निरोगी माणसात चारपैकी तीन ग्राहक अडले तरी स्नायू चालतो. या रुग्णांकडे ती शिल्लक नसते. माझ्या एका रुग्ण बाईंना हाताच्या शस्त्रक्रियेसाठी लिग्नोकेनचा ब्लॉक (हाताचे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) दिला, आणि अर्ध्या तासात त्यांच्या पापण्या जड झाल्या, शब्द नाकातून येऊ लागले. त्या रात्री मी त्यांच्या खाटेजवळून हललो नाही.

फार्मसी शिक्षक: मानेजवळून दिलेल्या ब्लॉकने पापणी तशीही पडते. तिथले सिंपथेटिक मज्जातंतू बधिर होतात, इतके तरी भूलतज्ज्ञांना ठाऊक असावे.

भूलतज्ज्ञ: ठाऊक आहे, आणि हा सूर मला मान्य नाही. त्या कारणाने एकाच बाजूची पापणी पडते. बाईंच्या दोन्ही पडल्या होत्या, आणि उजवा हात डोळ्यापर्यंत जात नसल्याने त्या डाव्या बोटाने एकेक पापणी वर धरून माझ्याकडे पाहत होत्या.

मज्जातंतू: ॲसिटिलकोलीन टिकवणारी त्यांची पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू होती काय? माझ्या बाजूचे असले तरी हे उदाहरण विचारल्याशिवाय घेता येत नाही.

भूलतज्ज्ञ: सकाळची गोळी उपाशी ठेवण्याच्या गडबडीत चुकली होती. अशक्तपणा त्यामुळेही आला असेल, हे मला नाकारता येत नाही. तेव्हापासून ब्लॉकआधी गोळीची वेळ मी स्वतः विचारतो आणि मात्रा बेताची ठेवतो.

फार्मसी शिक्षक: सुरासाठी क्षमस्व. उद्याच्या तासाला "जागा बळकावते" खोडून "छिद्र अडवते" असे लिहीन, ॲसिटिलकोलीनचे वाक्यही काढीन. टेट्राकेनचा मुद्दा मात्र त्याच फळ्यावर राहील.