देवाला दिलेला वेळ आणि समाजातली पत

निवृत्त शिक्षक, डिचोली
एखाद्याचे आयुष्य सार्थकी लागले की नाही, हे ठरवताना आपल्या गोव्यात बंगला, गाडी आणि पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी गेलेली मुले यांचीच मोजदाद आधी होते. ही मोजपट्टी मला अपुरी वाटते. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देवासमोर श्रीफळ ठेवले की चोवीस तास भजन खंडू द्यायचे नसते. रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, येतात, नामवंत गायकांच्या बैठका होतात, फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, पाय ठेवायला जागा उरत नाही. परंतु पहाटे तीनच्या सुमारास, ऐकणारे पांगल्यावर, केवळ साखळी तुटू नये म्हणून टाळ धरून बसलेल्या माणसाला त्या वेळेतून ना मान मिळतो, ना पैसा. तरीही तो पुढच्या श्रावणात पुन्हा येतो. माझ्या मते आयुष्याला अर्थ देणारा वेळ तो हाच.

एक वाचक, फोंडा
गुरुजी, पहाटे तीनचे उदाहरण आपण सोयीने निवडले आहे. आमच्याकडच्या देवस्थानांत महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभाराचा व मानाचा हक्क, वंशपरंपरेने चालते आणि तिला पोर्तुगीज सरकारच्या १८८६ च्या नियमावलीपासून कायद्याची चौकट आहे. पालखीला खांदा कोणी द्यायचा, पहिला प्रसाद कोणाच्या हाती पडायचा, यांवरून भावकीत अबोले धरले जातात. ज्या प्रतिष्ठेपासून आपण पळू पाहता, ती देवळाच्या पायऱ्या आपल्याआधी चढून गेलेली असते. शिवाय घरातला पुरुष दोन तास देवघरात बसतो, तेव्हा नैवेद्याचा स्वयंपाक, मुलांचे डबे आणि आजाऱ्याचे औषधपाणी कोणाच्या तरी अंगावर पडलेले असते. तो वेळ देवाच्या नावे का धरला जात नाही?

ट्रकमालक, खाणपट्टा
मला निराळेच म्हणायचे आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढे सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा आमच्यापैकी अनेकांकडे वेळच वेळ होता. दारात ट्रक उभा, बँकेचे हप्ते थकलेले, आणि आम्ही रोज संध्याकाळी देवळात. कौल लावले, गाऱ्हाणी घातली. त्या बसण्याला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती धास्ती होती. हप्ता फिटला की देवाजवळ मन लागते, हा माझा अनुभव आहे, आणि म्हणून संपत्तीला इतके तुच्छ लेखणे हे पेन्शन सुरू असलेल्या माणसालाच परवडते, असे मी स्पष्टच लिहितो.

निवृत्त शिक्षक, डिचोली
पेन्शनचा टोला मान्य आहे. तरीही वेळ आणि स्वास्थ्य आधी मिळवावे व देव मग पाहावा, हा क्रम मला पटत नाही, कारण तसे पाहिले तर तुकोबांची पाळी कधीच आली नसती. दुष्काळात त्यांचे दुकान बसले, घरची माणसे गेली, आणि परंपरा सांगते की त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ती त्यानंतर. त्यातही धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्यांनी आधी त्याच्या हाती दिला आणि बुडवला तो केवळ आपला. फोंड्याच्या ताईंच्या आक्षेपालाही माझे उत्तर हेच आहे: देवासाठी सोडायचे ते स्वतःच्या वाट्याचे, दुसऱ्याच्या श्रमाचे नव्हे. महाजनकीच्या मानापमानाविषयी मात्र माझा त्यांच्याशी वाद नाही.

एक वाचक, फोंडा
कान्होबांचा वाटा राखला गेला, हे उत्तम झाले. परंतु बुडालेल्या अर्ध्या कागदांवर ज्या घराची चूल चालायची, ती पेटवणाऱ्या जिजाईंना त्या दिवशी कोणी विचारले होते काय?