१९७७ च्या पराभवानंतर काँग्रेस नेमकी कशावरून फुटली?

जुनी_पाटी (प्रश्न):

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस १५४ जागांवर आली. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी एकही तिच्या हाती लागली नाही आणि रायबरेलीत स्वतः इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून पन्नास हजारांहून अधिक मतांनी हरल्या. पुढे वर्षही पुरे झाले नाही तोच, जानेवारी १९७८ च्या पहिल्या दोन दिवसांत दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात इंदिरा गांधींची वेगळ्या काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवड झाली. ब्रह्मानंद रेड्डी अध्यक्ष होते आणि यशवंतराव चव्हाण ज्यात होते, ती काँग्रेस दुसऱ्या बाजूला राहिली.

ही फूट आणीबाणीवरून झाली, असे आपण ऐकत आलो आहोत. मला ते पटत नाही. आणीबाणीच्या काळात रेड्डी देशाचे गृहमंत्री होते आणि चव्हाण परराष्ट्रमंत्री. ज्या निर्णयांत हे सगळेच सहभागी होते, त्या निर्णयांवरून ते दहा महिन्यांत एकमेकांपासून इतके दूर कसे गेले? मतभेद खरोखर धोरणाचा होता, की पक्ष का हरला हे पक्षाच्या वतीने सांगण्याचा अधिकार कोणाचा, याचा होता? आणि गावपातळीवर काम करणाऱ्या माणसावर या सगळ्याचा काय परिणाम झाला? ज्यांनी तो काळ पाहिला किंवा अभ्यासला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्यकडा:

तुमची शंका रास्त आहे. माझ्या मते वाद होता तो पराभवाचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे याचा, आणि त्यात रेड्डी-चव्हाण गटाची फार मोठी अडचण झाली होती. आणीबाणी चूक होती असे उघड म्हणावे, तर त्याच मंत्रिमंडळात आपण गप्प का बसलो, याचे उत्तर द्यावे लागणार; काहीच म्हणू नये, तर नेतृत्व पुन्हा इंदिरा गांधींकडेच जाणार. म्हणून त्यांनी मधला मार्ग धरला. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाला इंदिरा गांधी सामोऱ्या जात असताना पक्षाने अंतर राखले, पण स्वतःचा हिशेबही कधी मांडला नाही. मतदाराला आणि कार्यकर्त्याला हे अंतर दिसत होते. त्यामागचे कारण मात्र कोणी त्यांना सांगितले नाही.

दुसरीकडे इंदिरा गांधी ऑगस्ट १९७७ मध्ये बिहारमधल्या बेलछीला गेल्या. दलितांच्या हत्याकांडाने हादरलेल्या त्या गावाकडे जाणारी वाट चिखलाने बंद झाली होती, तेव्हा शेवटचा टप्पा त्यांनी हत्तीवरून पार केला. ३ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांची सुटका केली. दिल्लीत पक्षाची कार्यसमिती बहुमत मोजत होती, त्या काळात त्या लोकांपुढे उभ्या होत्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या दोन्ही विधानसभा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या आणि एप्रिलमध्ये लोकसभेतले विरोधी पक्षनेतेपद चव्हाणांकडून सी. एम. स्टीफन यांच्याकडे, म्हणजे इंदिरा काँग्रेसकडे गेले. खरी काँग्रेस कोणती, हे कार्यसमितीला ठरवता आलेच नाही. मला आजही याचे वाईट वाटते, कारण रेड्डी-चव्हाण गटाने स्वतःची चूक मान्य करून आणीबाणीवर नेमकी भूमिका घेतली असती, तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण पक्षात प्रामाणिक आत्मपरीक्षणाची एक रीत तरी रुजली असती.

गेरूचा_डबा:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी घरातून देऊ शकतो. माझे वडील तालुक्यातले साधे कार्यकर्ते होते आणि भिंती रंगवण्याचे काम त्यांच्याकडे असे. महाराष्ट्राचे मतदान २५ फेब्रुवारी १९७८ ला होते, म्हणजे फूट पडल्यानंतर जेमतेम आठ आठवड्यांनी. गाय-वासरू हे जुने निवडणूक चिन्ह रेड्डी काँग्रेसकडे राहिले आणि इंदिरा काँग्रेसला पंजा मिळाला. आमच्या शेजारच्या भिंतीवर वडिलांनी वर्षापूर्वी काढलेले गाय-वासरू होते. त्यांच्याच बरोबरीने काम केलेल्या एका कार्यकर्त्याने त्यावर चुन्याचा हात मारला आणि स्वतःचा तळवा भिंतीला टेकवून त्याभोवती गेरूने रेघ ओढली. पहिल्या हाताचा चुना पातळ होता, त्यामुळे पंजाच्या खालून वासराचे पाय कितीतरी दिवस दिसत राहिले. पुढे ते दोघे एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

निकालात जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात जनता पक्षाला सत्तेपासून दूर ठेवायचे म्हणून प्रचारात एकमेकांना गद्दार म्हणणारे दोन्ही गट एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. एकत्र बसले तरी मने जुळली नव्हती. जुलैत शरद पवार चाळीसच्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर खुपसल्याचे बोल त्या घटनेला कायमचे चिकटले. एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेने ते सरकार पडले असे म्हणणे सोपे आहे, पण तडा आधीच गेलेला होता, आणि तो आमच्या शेजारच्या भिंतीवर फेब्रुवारीतच दिसत होता.

दूरदेशी:

एक दुरुस्ती सुचवतो. पराभवानंतरच्या फुटीत धोरणाला काहीच स्थान नसते, असे सरसकट म्हणता येणार नाही. ब्रिटनचा मजूर पक्ष मे १९७९ मध्ये हरला तेव्हा अण्वस्त्रे आणि युरोपशी असलेले संबंध यांवर पक्षात खरेखुरे, खोल मतभेद होते. तरीही फुटीचा क्षण कोणता होता, ते पाहा. २४ जानेवारी १९८१ च्या वेम्ब्ली येथील विशेष अधिवेशनाने नेता निवडण्याचा अधिकार एकट्या खासदारांकडून काढून कामगार संघटनांना ४० टक्के, मतदारसंघातील शाखांना ३० टक्के आणि खासदारांना ३० टक्के असा वाटून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, बिल रॉजर्स आणि शर्ली विल्यम्स या चार माजी मंत्र्यांनी वेगळ्या वाटेची घोषणा केली. त्यांनी मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. धोरणावरचे वाद त्यांनी वर्षानुवर्षे सोसले होते. निर्णय कोण घेणार हा नियम बदलला तेव्हा ते निघाले.

फरक परिणामात आहे. १९८३ मध्ये मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या, तर लिबरल पक्षाशी युती करूनही फुटलेल्यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतांवर केवळ २३ जागा मिळाल्या. मते देशभर विखुरली गेली की असे होते. आपल्याकडे मात्र बाहेर पडलेल्या गटानेच जानेवारी १९८० मध्ये ३५३ जागा जिंकून मूळ पक्षाला निष्प्रभ केले.

सह्यकडा:

दूरदेशी यांचा मुद्दा मान्य. यात एक कायदेशीर बाब जोडतो. १९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हताच. तो १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. ती सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढली आणि आता दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच वाट उरली आहे. त्यामुळे हल्ली नाराज गट बाहेर पडण्याऐवजी आम्हीच मूळ पक्ष असा दावा करतो.

जुनी_पाटी:

सर्वांचे मनापासून आभार. गेरूचा_डबा, एक विचारू का? तुमचे वडील पुढे कोणत्या बाजूला राहिले?

गेरूचा_डबा:

ते चव्हाणांबरोबर राहिले. १९८० नंतर स्वतः यशवंतराव इंदिरा काँग्रेसमध्ये परतले आणि डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवारही औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत परत आले, तेव्हा तालुक्यातले बहुतेक जण त्यांच्या मागोमाग गेले. वडील गेले नाहीत. त्यांच्याकडे फुटीच्या आधीचे सदस्य नोंदणीचे एक पावतीपुस्तक होते, निम्म्याहून अधिक कोरे. ते जमा करायचे तर कोणत्या कार्यालयात, हे त्यांना १९७८ मध्ये कोणी सांगितले नाही आणि नंतर त्यांनी कोणाला विचारले नाही. ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे.