मदत हवी आहे: मागच्या बागेतल्या १२ व्होल्टच्या दिव्यांना वायर कोणती?

नमस्कार. घर इंदूरला, सुदामानगरात. मागे छोटीशी बाग आहे. बाग म्हणजे काय, एक आंबा, एक पारिजात, कुंड्या आणि मधून फरशीची पायवाट. संध्याकाळी सासूबाई तिथे फेऱ्या मारतात, दिवे त्यांच्यासाठी हवेत. फरशीची कड नीट दिसावी आणि डोळ्यांवर झोत येऊ नये, एवढंच. शोभेचं नंतर बघू. बजेट सहा हजार, फार तर सात.

सोलर बाद, कारण आंब्याखाली ऊनच पोचत नाही. वायरमन म्हणतो, "दीदी, सीधे दो सौ तीस की लाइन डाल दो, झंझट खतम." पण रोज पाण्याची नळी तिथूनच फिरते, माझी काही छाती होत नाही.

महाराणी रोडवर चौकशी केली. पाच वॅटचे आठ स्पाइक दिवे (मातीत खुपसायचे) आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर, इथवर ठरलंय. अडॅप्टर स्वयंपाकघराच्या खिडकीशी आत बसेल, शेवटचा दिवा तिथून साठ फुटांवर. दुकानदार पाऊण एमएमची (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर छेदाची) वायर देतोय. टोकाचे दिवे मंद पडतील का?

दुसरं म्हणजे आपली काळी माती. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगणार. शेजाऱ्यांचे स्पाइक एका पावसाळ्यात आडवे झाले. आणि आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, ६५ पुरेल की ६७च घ्यावेत?

प्रतिसाद १
पडतील. चाळीस वॅट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअर. पाऊण एमएम तांब्याच्या वायरीत, सगळा भार टोकाला धरला तर जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच जातात. तुमचे दिवे विखुरलेले आहेत म्हणून कमी जातील, तरी फरक दिसेल. दीड एमएम घ्या, घट निम्म्यावर येते. खरेदी झाली नसेल तर दिवे आणि अडॅप्टर दोन्ही २४ व्होल्टचे बघा: करंट निम्मा, म्हणून घटही निम्मी, आणि ती वजा होणार २४ मधून. अडॅप्टर ६० वॅटचा घ्या, काठोकाठ चाळीसचा नको. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच.

प्रतिसाद २
स्पाइक नुसता मातीत खुपसू नका. वीतभर खड्डा, पीव्हीसी पाइपचा तुकडा, भोवती काँक्रीट, त्यात दिवा. वायर पाइपातून न्या आणि प्रत्येक दिव्यापाशी हातभर ढिली सोडा, म्हणजे माती हलली तरी जोड ओढला जात नाही. बहुतेक वेळा दिव्याआधी जोडच जातो. तिथे टेप गुंडाळून भागवू नका, जेल भरलेले कनेक्टर वापरा.
आयपी ६५ नळीचा फवारा सोसतो. ६७ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पाणी साचतं का तुमच्याकडे? उजेड ३००० केल्विनचा पिवळसर घ्या, पांढऱ्यावर किडे जास्त येतात.

धागाकर्ती
साचतं, पारिजाताच्या बाजूला. मग तिथले दोन ६७ चे, बाकी ६५ चे. काँक्रीटचं वायरमनला सांगितलं, तो हसला, पण करतो म्हणाला. २४ व्होल्टचे स्पाइक इंदुरात कुणी घेतलेत का? मला सगळीकडे १२ चेच दाखवले.