मदत हवी आहे: ट्रान्समीटरवर एलिव्हेटरचा आकडा स्थिर राहत नाही

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा सहा चॅनेलचा 2.4 गिगाहर्ट्झ ट्रान्समीटर (हातातला रिमोट), मोड 2 (एलिव्हेटर उजव्या स्टिकवर). उजवी स्टिक मधोमध सोडली तरी स्क्रीनवर एलिव्हेटरचा (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) आकडा नाचतो. विमानाची बॅटरी काढलेली असतानाही तेच, म्हणजे विमानातल्या रिसीव्हर आणि सर्वोचा (भाग हलवणारी छोटी मोटर) प्रश्न नाही. सेल बदलले, कॅलिब्रेशन केलं. पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटर, स्टिकची जागा मोजणारा बदलता रेझिस्टर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर थोडे दिवस बरं होतं, मग परत सुरू. एलिव्हेटर आणि रडरच्या (विमान डावी-उजवीकडे वळवणारा भाग) पॉटचे कनेक्टर आपसात बदलले, तर आता रडरचा आकडा नाचतोय. म्हणजे बोर्ड ठीक, पॉटच झिजलाय. मैदानावर मुलं असतात, त्यामुळे असा सेट घेऊन उडवणार नाही.

पॉटवर 5के (5 किलोओहम) लिहिलंय, दांडा डी आकाराचा. नवा सेट सध्या परवडणार नाही. बाजारातला साधा 5के लिनिअर पॉट चालेल, की स्टिकसाठी वेगळा लागतो?