स्पेनचा खरा 'चोवीस तासवाला' कोण: आलोन्सो की गार्सिया?

रात्रपाळी (धागाकर्ता):
ल माँ (फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत, एका गाडीत आळीपाळीने अनेक ड्रायव्हर) आणि स्पेन हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडची चर्चा थेट फर्नांदो आलोन्सोवर जाऊन थांबते. त्याच्या एफ वनच्या दोन जगज्जेतेपदांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण लांब पल्ल्याच्या शर्यतींत स्पेनचा सर्वांत मोठा ड्रायव्हर कोण, असं विचारलंत तर मी माद्रिदच्या अंतोनियो गार्सियाचं नाव घेईन. (तिकडे उच्चार गार्थिया. पण अमेरिकेत इतके हंगाम काढल्यावर तोही गार्सियालाच ओ देत असावा.)

२००८ ला ॲस्टन मार्टिनमधून त्याने ल माँचा जीटी१ गट जिंकला. (एकाच शर्यतीत वेगवेगळ्या गटांच्या गाड्या धावतात; जीटी म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून केलेल्या, वरच्या गटापेक्षा हळू.) शेवरलेची कॉर्व्हेट दुसरी आली. पुढच्याच वर्षी हा कॉर्व्हेटमध्ये, आणि गट पुन्हा याचाच! २०११ ला तिसऱ्यांदा. अमेरिकेतल्या हंगामभराच्या मालिकेत गटाची विजेतेपदं सहा: २०१३, २०१७, २०१८, २०२०, २०२१, २०२५. पहिली तीन यान मॅग्नुसनबरोबर (एफ वनवाल्या केविनचे वडील), पुढची दोन जॉर्डन टेलरबरोबर, शेवटचं अलेक्झांडर सिम्सबरोबर. जोडीदार बदलले, कॉर्व्हेटचं इंजिन पुढून मध्ये आलं, हा पठ्ठ्या तिथेच. पंचेचाळिशीत विजेता!

फॉर्म्युलाप्रेमी:
कायच्या काय. वर्गात पहिला आणि शाळेत पहिला यात काही फरक आहे की नाही? आलोन्सोने २०१८ आणि २०१९ ला अख्खी ल माँ जिंकली, २०१९ ला डेटोनाही (अमेरिकेतली चोवीस तासांची शर्यत), वर लांब पल्ल्याच्या जागतिक मालिकेचं विजेतेपद. हे सगळं दीड-एक वर्षात. गार्सियाला सहा विजेतेपदांसाठी किती वर्षं लागली, तुम्हीच मोजा.

डिझेलकाका:
अहो, ती २०१८ ची ल माँ नीट आठवा. ऑडी २०१६ नंतर गेली, पोर्श २०१७ नंतर. वरच्या गटात हायब्रिड गाड्या उरल्या दोन, दोन्ही टोयोटाच्या. तिसरी आलेली रेबेलियन बारा लॅप मागे होती. बारा! आणि २०१९ ला सात नंबरची टोयोटा शेवटच्या तासात पुढे होती. सेन्सरने भलतंच चाक पंक्चर दाखवलं, संघाने तेच बदललं, आणि बिचाऱ्यांना पुन्हा पिटमध्ये यावं लागलं. आलोन्सोच्या आठ नंबरच्या पदरात शर्यत अशी पडली.

फॉर्म्युलाप्रेमी:
काका, मैदान रिकामं होतं म्हणता, पण दुसरी टोयोटा तर होती ना? तीच गाडी, तेच इंजिन. २०१८ च्या रात्री आलोन्सोचा जोडीदार बुएमीला दंड झाल्यावर आठ नंबर दोन मिनिटांहून जास्त मागे पडली होती. अंधारात ते अंतर कोणी खाल्लं? आलोन्सोने. मी ती रात्र जागून बघितली आहे.

आणि तुमच्या गार्सियाचं २०१८ चं विजेतेपद! हंगामभरात एकही शर्यत न जिंकता. एकही नाही. याला विजेता म्हणायचं?

रात्रपाळी:
मला तर तेच विजेतेपद सगळ्यांत जास्त आवडतं. त्या गटात फोर्ड, पोर्श, बीएमडब्ल्यू, सगळे कारखान्यांचे संघ. त्यात नियमवाले वजन आणि इंजिनाची ताकद कमीजास्त करून गाड्या एका पातळीवर आणतात (बीओपी म्हणतात ते हेच). म्हणजे तुमची गाडी वेगवान नसेल तेव्हा करायचं काय, हा रोजचा प्रश्न. फोर्डवाले जिंकत राहिले आणि मधेमधे गुण सांडत राहिले. गार्सिया-मॅग्नुसन जोडी दर वेळी जे मिळेल ते घरी आणत राहिली. टायर सांभाळायचे, मागून येणाऱ्या प्रोटोटाइपना (खास शर्यतीसाठी बनवलेल्या, जास्त वेगवान गाड्यांना) वाट द्यायची आणि तरी आपली ओळ सोडायची नाही, गाडी धड हालतीत जोडीदाराच्या हाती द्यायची. यासाठी करंडक देत नाहीत, गुण देतात.

गिअरबॉक्स:
दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं नाव घेतो. मार्क जेने, २००९, प्यूजो. वरच्या गटात पोडियमच्या मधल्या पायरीवर चढलेला स्पॅनिश माणूस आलोन्सोच्या नऊ वर्षं आधी होता. आणि मिगेल मोलिना, २०२४, फेरारी. त्या वर्षी मैदान अजिबात रिकामं नव्हतं, उघडं राहिलेलं दार लावायला गाडी पिटमध्ये आणावी लागली, तरी सुमारे चौदा सेकंदांनी जिंकले.

बाकी 'अख्खी शर्यत' हवी असेल तर गार्सियाकडेही आहे की. २००९ ची डेटोना. धागाकर्ते, तुम्हीच विसरलात?

रात्रपाळी:
विसरलोच. थोबाडीत मारून घेतली. मोंतोयाच्या गाडीला ०.१६७ सेकंदांनी मागे टाकलं होतं, चोवीस तासांनंतर!

फॉर्म्युलाप्रेमी:
शेवटी स्टिअरिंगवर त्याचा जोडीदार डेव्हिड डोनोह्यू होता. तुमचा गार्सिया पिटमध्ये उभा राहून बघत होता.

डिझेलकाका:
मग २०१८ च्या ल माँला आठ नंबरमध्ये शेवटी नाकाजिमा होता. तिथे आलोन्सो काय करत होता?

माझ्या दृष्टीने गार्सिया म्हणजे आपले पद्माकर शिवलकर. ५८९ बळी, कसोटी शून्य.

फॉर्म्युलाप्रेमी:
काका, उपमा गंडली. शिवलकरांच्या वाटेत बेदी होते, त्यांना घेतलंच नाही. गार्सिया स्वतः कॉर्व्हेटमध्ये राहिला. आणि शेवरले ल माँला वरच्या गटासाठी येतच नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

रात्रपाळी:
हे मान्य. त्याने जागा निवडली, ती लहान होती म्हणा हवं तर. पण एक माणूस दोघांबरोबर एकाच गाडीत बसलाय: जॉर्डन टेलर. २०१९ ला डेटोनात, त्या पावसात, आलोन्सोबरोबर. आणि गार्सियाबरोबर २०२० पासून काही अख्खे हंगाम. त्यालाच विचारायला हवं.

फॉर्म्युलाप्रेमी:
तो शहाणा आहे. उत्तर देणार नाही.