भाकड आणि वांझ

‘भाकड गाय’ या शब्दांचा अर्थ ‘वांझ गाय’ असा दिलेला नुकताच वाचला. हे दोन शब्द एक नाहीत. वांझ म्हणजे जिला गर्भच राहत नाही. भाकड म्हणजे जी सध्या दूध देत नाही, आणि ती गाभणही असू शकते. गाय साधारण 280 दिवसांनी विते, म्हैस 310 दिवसांच्या आसपास. विण्याआधी सुमारे दोन महिने धार काढणं थांबवून जनावर मुद्दाम आटवतात, कासेला विश्रांती मिळावी म्हणून. हाच भाकड काळ, म्हणजे पुढच्या दुधाची तयारी. भाकडकथेमुळे ‘निरुपयोगी’ हा अर्थ कानात बसलाय आणि त्यात या शब्दावर अन्याय होतो.

कोंबडीच्या ‘खुडूक’चंही असंच आहे. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते खरी, पण उबवायला बसायचं म्हणून!

मला सगळ्यात आवडणारा शब्द ‘वेत’. ‘तिसऱ्या वेताची म्हैस’ म्हटलं की ती तीनदा व्यायली आहे हे कळतं, आणि ‘या वेतात दूध कमी’ म्हटलं की त्या विण्यानंतरचा सगळा दुधाचा काळ कळतो. पाठ्यपुस्तकातला ‘दुग्धोत्पादन कालावधी’ यातलं अर्धंच सांगतो. कालवड आणि पहिलारू यांतही असाच फरक पाळावा. न व्यायलेली ती कालवड, पहिल्या वेताची ती पहिलारू.

‘पान्हा’ म्हणजे दूध नव्हे. कासेत तयार असलेलं दूध सडात उतरणं म्हणजे पान्हा. वासरू ढुसण्या देऊ लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि पान्हा सुटतो. गाय बिचकली तर तो अडतो, त्यालाच ‘पान्हा चोरणे’ म्हणतात. व्यायल्यानंतरचं पहिलं दूध मात्र ‘चीक’. तो पहिल्या काही तासांतच पाजायचा, कारण त्यातली प्रतिपिंडं वासराच्या आतड्यातून शोषली जाण्याची मुदत दिवसभराचीच असते.

बागेकडे वळलं की ‘कलम’ घोटाळा करतं. छाट कलमात एकच झाड असतं, काडीला स्वतःची मुळं फुटतात. गुटी कलमातही एकच, फक्त मुळं आधी फांदीवर धरतात आणि मग ती कापतात. भेट कलमात मात्र दोन झाडं, खाली खुंट, म्हणजे मुळं असलेलं रोप, आणि वर हवी ती जात. म्हणून दोन झाडं जोडताना ‘कलम बांधणे’ आणि एकाच झाडाचं असेल तेव्हा ‘छाट लावणे’, ‘गुटी बांधणे’ असं म्हणावं. फांदीऐवजी एकच डोळा, म्हणजे अंकुर, बसवला तर ‘डोळा भरणे’.

‘पाणसोट’ आणि ‘फुटवा’ हे शब्दही एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. फुटवा म्हणजे कोणतीही नवी फूट. पाणसोट म्हणजे सरळसोट, जोमाने वाढणारी पण फळ न धरणारी. छाटणीत काढायची ती हीच. ‘फुटवे काढा’ असं सांगितलं तर नवखा माणूस फळकाड्याही कापून बसेल.