स्तनातल्या न दुखणाऱ्या गाठीबद्दल

स्तनातली गाठ ‘दुखत नाही म्हणजे साधी गाठ’ असं कुणीतरी लिहिलंय. उलटं आहे हो ते! कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आमच्या खानापूरच्या मावशीनं याच भरवशावर 8 महिने एरंडाचं पान बांधून काढले. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, तेव्हा कुठं बेळगावला नेलं. नर्स कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, मावशी मराठीत! हातानं तपासणी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मग सुईनं बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. सुईनं कॅन्सर पसरतो म्हणून शेजारणींनी आधीच घाबरवून ठेवलेलं. तसं काही नसतं. गाठ मोठी म्हणून आधी केमो, नंतर ऑपरेशन.

विशीतल्या पोरींची बोटाखाली गोटीसारखी सटकणारी गाठ बहुतेकदा फायब्रोॲडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ निघते. तरी सोनोग्राफी करून घ्याच.